भाताच्या दाण्यातलं टपालखातं : प्रथिन पोचवायचं की त्याची चिठ्ठी?

पेशीत प्रथिनं आपापल्या जागी कशी पोचतात, हा प्रश्न नेट-सेटच्या तयारीत सगळ्यांनी घोकलेला असतो. उत्तरही पाठ असतं : प्रथिनाच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड असतं, ते ओळखलं जातं, रायबोसोम ईआरवर म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेवर जाऊन बसतो, प्रथिन आत सरकतं. गुंटर ब्लोबेल यांना याच कामासाठी १९९९ चं नोबेल मिळालं. उत्तर बरोबर आहे. पण मुलाखतीत कोणी पुढे विचारलं, की "एकाच ईआरवर बनणारी, दोघांनाही सिग्नल पेप्टाइड असलेली दोन प्रथिनं वेगवेगळ्या ठिकाणी का जातात?", तर बहुतेकांची गाडी अडते. आजची पोस्ट त्या पुढच्या प्रश्नाबद्दल आहे, आणि उदाहरण आहे भाताचं.

भातच का? वनस्पतिपेशीत आरएनए ठरावीक जागी नेला जातो, हे ज्या थोड्या ठिकाणी फार खोलवर तपासलं गेलंय त्यांत भाताचा भ्रूणपोष सगळ्यात वर आहे. भ्रूणपोष म्हणजे आपण जो तांदूळ खातो तोच भाग. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत थॉमस ओकिता यांच्या गटाने तीसेक वर्षं हा एकच प्रश्न लावून धरला. एकच प्रश्न इतकी वर्षं धरून ठेवणं म्हणजे काय, हे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात नीट कळतं!

आधी दाण्याच्या आत डोकावू. तांदळात साधारण ७ टक्के प्रथिन असतं, बाकी मुख्यतः स्टार्च. या प्रथिनात दोन मोठी घराणी आहेत, ग्लुटेलिन आणि प्रोलामिन. मका, ज्वारी यांच्यात प्रोलामिन गटाचं राज्य असतं; भातात मात्र ग्लुटेलिन जास्त आणि प्रोलामिन कमी. दोन्ही एकाच पेशीत, साधारण एकाच काळात तयार होतात. दोन्ही ईआरच्या पडद्यातून आत जातात. इथपर्यंत प्रवास सारखा.

मग वाटा फुटतात. प्रोलामिन ईआरच्या पोकळीतच थांबतं आणि गोळा होऊन त्याचे एक-दोन मायक्रॉनचे गोल कण बनतात. त्यांना प्रोटीन बॉडी-१ म्हणतात, आपण पीबी-१ म्हणू. ग्लुटेलिन ईआरमधून निघतं, गॉल्जी संकुलातून पुढे जातं आणि प्रथिन साठवणाऱ्या रिक्तिकेत पोचतं. तिथे त्याच्या ५७ किलोडाल्टनच्या पूर्वरूपाचे दोन तुकडे होतात आणि ते साठवलं जातं. ही झाली पीबी-२.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. ईआरमध्ये राहणाऱ्या प्रथिनांच्या शेपटाला सहसा केडीईएल किंवा एचडीईएल अशी चार अमिनो आम्लांची खूण असते. चुकून गॉल्जीत गेलं तरी ते प्रथिन त्या खुणेमुळे परत आणलं जातं. प्रोलामिनला अशी खूण नाही. मग ते ईआरमध्ये टिकतं कसं? उत्तराचा एक भाग १९९३ मध्ये सायन्समध्ये आला : बीआयपी नावाचं साहाय्यक प्रथिन, म्हणजे शॅपरोन, तयार होत असलेल्या प्रोलामिनला धरून ठेवतं आणि कण रचायला मदत करतं. प्रोलामिन पाण्यात न विरघळणारं, एकमेकांना चिकटणारं. एकदा गोळा जमला की तो बाहेर जाईल कसा?

पण गोळा जमायला प्रोलामिनचे रेणू एका जागी दाटीने हवेत. शिवाय आजूबाजूला ग्लुटेलिनची गर्दी नको, कारण दोन्हीत सिस्टीन आहेत आणि डायसल्फाइड बंध चुकीच्या जोडीदाराशी जुळू शकतात. ही भीती नुसती कल्पनेतली नाही. ईएसपी-२ नावाच्या भाताच्या उत्परिवर्तकात डायसल्फाइड बंध नीट बसवणारं पीडीआय हे विकर नसतं. अशा दाण्यात ग्लुटेलिनचं पूर्वरूप आणि प्रोलामिन ईआरमध्येच एकमेकांत अडकून पडतात. म्हणजे दोघांना वेगळं ठेवणं ही पेशीची खरी गरज आहे.

वेगळं ठेवायचं कसं? सोपा विचार असा, की आधी बनू द्या, मग निवडा. पेशी तेही करते. पण त्याआधीच्या पायरीवरही एक निवड होते आणि ती आरएनएच्या पातळीवर होते.

भ्रूणपोषाच्या पेशीत ईआर एकसारखं पसरलेलं नसतं. एक भाग पीबी-१ च्या गोल कणांभोवती असतो, त्याला पीबी-ईआर म्हणतात. दुसरा चपट्या पिशव्यांसारखा, त्याला सिस्टर्नल ईआर म्हणतात. दोन्ही एकमेकांना जोडलेले, दोन्हीवर रायबोसोम बसलेले. १९९३ मध्ये सेल या नियतकालिकात ओकिता गटाने दाखवलं, की प्रोलामिनचे एम-आरएनए मुख्यतः पीबी-ईआरवर सापडतात आणि ग्लुटेलिनचे सिस्टर्नल ईआरवर. प्रथिन बनण्याची जागाच वेगळी!

आता जरा थांबू या, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्याने नेमकं इथेच थांबलं पाहिजे. एम-आरएनए तिथे *सापडला* म्हणजे तो तिथे *नेला गेला* असं होतं का? नाही. दुसरी शक्यता अगदी सरळ आहे. आरएनए कुठल्याही ईआरवर जाऊन बसला. भाषांतर सुरू झालं. प्रोलामिनची अर्धवट साखळी ईआरच्या आत शिरली आणि तिथल्या प्रोलामिनच्या गोळ्याला किंवा बीआयपीला चिकटली. साखळी अडकली की रायबोसोम अडकला, आणि रायबोसोम अडकला की आरएनएही तिथेच राहिला. म्हणजे आरएनए स्वतः कुठेच गेला नाही, त्याच्या प्रथिनाने त्याला नांगर टाकून ठेवलं. १९९३ ची माहिती या दोन्ही गोष्टींशी जुळते. नुसत्या वितरणाच्या चित्रावरून या दोनांतली एक निवडता येत नाही.

जर्नल क्लबमध्ये एखादा पेपर मांडताना मी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हेच लिहून ठेवतो : "याच चित्राचं दुसरं स्पष्टीकरण काय?" ही सवय लागली की पद्धतींचा भाग कंटाळवाणा वाटत नाही.

मग या दोन शक्यता वेगळ्या करायच्या कशा? प्रथिन जसंच्या तसं ठेवायचं आणि फक्त आरएनए बदलायचा. हे शक्य आहे, कारण एम-आरएनएचा काही भाग भाषांतरित होतच नाही. स्टॉप कोडॉननंतरचा ३-प्राइम यूटीआर प्रथिनात उतरत नाही. तिथे काहीही बदललं तरी बनणारं प्रोलामिन तेच, सिग्नल पेप्टाइड तेच, चिकटपणाही तोच. नांगराची गोष्ट खरी असेल तर आरएनए पीबी-ईआरवरच राहायला हवा.

ओकिता गटाने प्रोलामिनच्या कोडिंग भागाला ग्लुटेलिनचा ३-प्राइम यूटीआर जोडला आणि ते जनुक भातात घातलं. आरएनए सिस्टर्नल ईआरकडे गेला. प्रथिनात एका अमिनो आम्लाचाही फरक नाही, तरी आरएनएने घर बदललं. नांगराच्या गोष्टीवर सगळं भागत नाही, हे यावरून ठरतं. पत्ता आरएनएच्या अक्षरांत लिहिलेला आहे. २००० मध्ये नेचरमध्ये आणि मग २००३ मध्ये प्लांट सेलमध्ये लागोपाठ आलेल्या दोन पेपरांत ही गोष्ट उभी राहत गेली.

अशा पत्त्यांना झिपकोड म्हणतात. शब्द अमेरिकन टपालातला, आणि तो आधी प्राण्यांच्या पेशींवरच्या कामात रुळला, कोंबडीच्या पेशीतल्या बीटा-अ‍ॅक्टिनच्या आरएनएवरून. आपल्याकडे पिन कोड म्हणू या. ४०३ ने सुरू होणारा पिन दिसला की पाकीट गोव्याकडे, मग आत काय लिहिलंय ते उघडून बघायची गरज नाही. आरएनएचंही तसंच, भाषांतर होण्याआधीच रवानगी ठरते.

पण उपमा इथपर्यंतच चालते. पाकिटावर एकच पिन असतो. प्रोलामिनच्या आरएनएवर दोन झिपकोड आहेत : एक कोडिंग भागात, सिग्नल पेप्टाइडचा भाग संपतो त्याच्या लगेच पुढे, आणि दुसरा ३-प्राइम यूटीआरमध्ये. दोन्ही असतील तर आरएनए नेमका पीबी-ईआरवर. एकच ठेवला तर अर्धवट काम, आरएनए दोन्ही प्रकारच्या ईआरवर दिसतो. आणि ग्लुटेलिनचा झिपकोड प्रोलामिनच्या झिपकोडवर मात करतो. वरच्या अदलाबदलीत कोडिंग भागातला प्रोलामिनचा झिपकोड शाबूत असूनही आरएनए सिस्टर्नल ईआरकडे गेला, तो यामुळेच. टपालात एका पाकिटावर दोन परस्परविरोधी पिन लिहिले तर पोस्टमन वैतागेल. पेशीत मात्र कोणाचं ऐकायचं हे ठरलेलं आहे. का ठरलेलं आहे, म्हणजे ग्लुटेलिनच्या झिपकोडला धरणारी प्रथिनं जास्त घट्ट बसतात, की आधी बसतात, हा मला यातला सगळ्यात गोड प्रश्न वाटतो.

एक गंमत : मक्याच्या डेल्टा-झीन या प्रोलामिन गटातल्या प्रथिनाचा आरएनए भाताच्या पेशीत घातला, तर तोही बरोबर पीबी-ईआरवर जातो. मका आणि भात गवतकुळातले असले तरी त्यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरी भाताच्या टपालखात्याला मक्याचा पत्ता वाचता येतो.

आता आरएनए जातो कसा? २००३ च्या दोन पेपरांपैकी एकात तो जिवंत पेशीत हलताना दाखवलाय. पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण आज प्राणी, यीस्ट, वनस्पती सगळीकडे ती वापरतात. एमएस-२ हा जिवाणूंना लागणारा विषाणू. त्याचं आवरण-प्रथिन एका ठरावीक आकाराच्या आरएनए-गाठीला घट्ट धरतं. आपल्या आरएनएत अशा गाठींची माळ बसवायची, आणि आवरण-प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडायचं. दोन जनुकं एकाच पेशीत टाकली की आरएनए जिथे जाईल तिथे हिरवा ठिपका. एका आरएनएवर बऱ्याच गाठी असल्याने ठिपका मागच्या उजेडातून उठून दिसतो.

दिसलं असं : प्रोलामिनचा आरएनए सुटा जात नाही, कणांच्या रूपात जातो. कण एका दिशेने जातात, थांबतात, पुन्हा निघतात, लाल डब्याच्या एसटीसारखे. वेग सेकंदाला ०.३ ते ०.४ मायक्रॉन. न थांबता ५० मायक्रॉन जायचं तर दोन ते पावणेतीन मिनिटं. अ‍ॅक्टिनचे धागे मोडणारी औषधं, सायटोकॅलेसिन-डी किंवा लॅट्रंक्युलिन-बी, दिली की कण जागीच थबकतात. म्हणजे रुळ अ‍ॅक्टिनचे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत आणि त्या लक्षात ठेवाव्यात. आरएनएत गाठींची माळ आणि वर प्रथिनांचं ओझं घातलं की तो मूळचा आरएनए राहत नाही. म्हणून झिपकोड नसलेला, पण गाठी असलेला आरएनए तुलनेला लागतोच. तुम्ही असा प्रयोग आखणार असाल तर हा कंट्रोल आधी बनवा, मुख्य बांधणी नंतर.

पत्ता वाचणारा कोण, हा पुढचा टप्पा. भाताच्या पेशीतून झिपकोडला चिकटणारी बरीच आरएनए-बंधक प्रथिनं काढली गेली. त्यातलं आरबीपी-पी हे महत्त्वाचं. २०१८ मध्ये प्लांट सेलमध्ये आलेल्या कामात, आरबीपी-पी बिघडलेल्या भातात ग्लुटेलिन आणि प्रोलामिन दोन्हींचे आरएनए भरकटतात असं दिसलं. दोन वेगळ्या पत्त्यांसाठी एकच वाचणारा! याचा अर्थ असा, की पत्ता एकट्या प्रथिनाने वाचला जात नाही, तर त्याच्याबरोबर दुसरं कोण आहे यावर ठरतो. आरबीपी-पी हे आरबीपी-एल, आरबीपी-२०८ अशा इतरांशी जोड्या लावतं.

२०२० मध्ये त्याच गटाने आणखी एक दुवा जोडला, आणि मला वाटतं या सगळ्या मालिकेतला हा सर्वांत अनपेक्षित. आरबीपी-पी हे एनएसएफ नावाच्या प्रथिनाशी आणि आरबीपी-एल हे रॅब-५ए शी जोडलं जातं. चौघांचा मिळून एक संच बनतो आणि ग्लुटेलिनचा आरएनए एंडोसोमवर बसून प्रवास करतो. एनएसएफ आणि रॅब-५ए कोण? तर पडद्याच्या पिशव्यांची ने-आण करणाऱ्या यंत्रणेतली जुनी मंडळी, प्रथिनांच्या वाहतुकीसाठी प्रसिद्ध. म्हणजे ग्लुटेलिन हे प्रथिन रिक्तिकेत पोचवायला जी यंत्रणा लागते, तिचेच भाग त्याचा आरएनएही वाहतात. मालगाडीवर पोस्टाचा डबा जोडावा तसं. मक्यावर काणी रोग आणणाऱ्या उस्टिलागो या बुरशीतही एम-आरएनए एंडोसोमवर बसून फिरतात हे आधीच माहीत होतं, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पण बुरशीत रुळ मायक्रोट्यूब्यूलचे आहेत.

इथे पुन्हा तोच कोपऱ्यातला प्रश्न. रॅब-५ए बिघडलेल्या ग्लुप-४ या उत्परिवर्तकात ग्लुटेलिनचं प्रथिन रिक्तिकेत नीट पोचत नाही, आणि पेशीभित्तिकेलगत पॅराम्युरल बॉडी नावाच्या विचित्र रचना तयार होतात. त्याच दाण्यात आरएनएही भरकटतो. आता आरएनए रॅब-५ए ची गाडी चुकल्यामुळे भरकटला, की पेशीतली सगळी पडदा-व्यवस्थाच विस्कटल्यामुळे? एकट्या उत्परिवर्तकावरून सांगता येत नाही. म्हणून संचातल्या प्रथिनांच्या एकमेकांशी असलेल्या जोडण्या तपासणं इतकं मोलाचं ठरतं : गाडी शाबूत ठेवून फक्त डब्याची कडी काढायची, आणि काय होतं ते बघायचं. पेपर वाचताना कुठला पुरावा पहिल्या जातीचा आहे आणि कुठला दुसऱ्या, हे वेगळं लिहून काढा. अर्ध्याहून जास्त वाद तिथेच मिटतात.

हे सगळं नुसतं पेशीशास्त्राचं कौतुक नाही. पीबी-१ मधलं प्रोलामिन माणसाला नीट पचत नाही. घट्ट बांधलेले कण बऱ्याच प्रमाणात तसेच पुढे सरकतात. ग्लुटेलिन मात्र चांगलं पचतं. म्हणजे तांदळातलं प्रथिन आपल्या अंगी लागतं की नाही, हे ते कुठल्या खोलीत साठवलंय त्यावर बरंचसं अवलंबून आहे. जपानमध्ये याचा उलटा उपयोग केलाय. एलजीसी-१ या वाणात ग्लुटेलिन कमी आणि प्रोलामिन जास्त असतं. एकूण प्रथिन फारसं घटत नाही, पण पचणारं घटतं. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना प्रथिन मर्यादित खायला सांगतात, त्यांना भात न सोडता पथ्य पाळता यावं म्हणून हा तांदूळ. आपल्याकडे प्रश्न बहुतेक घरांत नेमका विरुद्ध आहे : दोन्ही वेळचं जेवण भातावर, आणि पचणारं प्रथिन हवं तेवढं नाही. दाण्यात एखादं पौष्टिक प्रथिन नव्याने घालायचं तर जनुक टाकून भागत नाही, ते कुठे साठेल याचाही विचार करावा लागतो, आणि तिथे ३-प्राइम यूटीआर कोणता लावला हा किरकोळ तपशील राहत नाही. तरी बांधणी करताना अनेकदा जो टर्मिनेटर फ्रीजरमध्ये हाताशी असेल तो जोडून मोकळं होतात.

हरितलवक आणि तंतुकणिकांचा विषय आज मुद्दाम बाजूला ठेवला. त्यांची बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि मग आत ओढली जातात. तिथे आरएनए किती आधीच जवळ नेला जातो, यावर वेगळी पोस्ट लागेल.

मूळ पेपर वाचायचे असतील तर २००३ चे प्लांट सेलमधले दोन्ही एकामागोमाग वाचा, आणि वाचताना अदलाबदलीच्या बांधण्यांचं चित्र स्वतः कागदावर काढा : कोणता कोडिंग भाग, कोणता यूटीआर, आणि त्यापुढे आपला अंदाज, निकाल न बघता. नंतर निकालाशी ताडून पाहा. मी दोन ज्युनिअर मुलांना हे करायला दिलं, तर एकाने विचारलं, "सर, ग्लुटेलिनच्या कोडिंग भागाला प्रोलामिनचा यूटीआर लावला तर?" बांधणी काढून बघा, अंदाज लिहा, आणि कमेंटमध्ये कारणासकट टाका.